पात्र, चित्र आणि पाहुणा
(मारतहळ्ळी, बंगळूर येथील मराठी व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या कलाशिक्षकांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालविता, ते मुलांच्या हाती कुंचला देण्याआधी त्यांना चित्रापुढे स्वस्थ बसवीत आणि काय दिसते ते सांगायला लावीत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकत आलो आहे. म्हणून आजचा विषय निवडताना एखाद्या चित्रकाराचे चरित्र किंवा एखाद्या कलासंप्रदायाचा इतिहास न घेता, पाहण्याच्या क्रियेविषयीच काही बोलावे असे मी ठरविले; आणि ज्या जिनसांपुढे त्या क्रियेची परीक्षा सर्वांत कठोर होते असे दोन जिन्नस त्यासाठी घेतले : एक, जपानमधील चहासंस्काराची पात्रे, आणि दुसरा, आपल्या वासुदेव गायतोंडे यांची चित्रे. दोन्ही आज बहुतांशी संग्रहालयांच्या स्वाधीन आहेत. दोन्हींपुढे येणारा प्रेक्षक क्षणभर थबकतो, शेजारची पाटी वाचतो आणि ‘यात एवढे काय आहे?’ असा प्रश्न मनात घेऊन पुढल्या दालनाकडे वळतो. या प्रश्नाला मी उद्धटपणा मानीत नाही. तो प्रामाणिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर असे की या वस्तू पाहुण्यासाठी घडविलेल्या आहेत, पाहुणा आल्यावाचून त्या पुऱ्या होत नाहीत, आणि संग्रहालयाने त्यांचे जतन करताना पाहुण्याला बोलावण्याचा, बसविण्याचा आणि त्याला वेळ देण्याचा यजमानधर्म मात्र बाजूला ठेवला आहे.

मुंबईच्या ज्या वास्तूला आपल्यातील वडीलधारी मंडळी अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ म्हणतात आणि जिचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, तेथे जपान आणि गायतोंडे एका छपराखाली आलेले आहेत. जॉर्ज विटेट यांनी रचलेली ही घुमटाची इमारत १९२२ साली लोकांस खुली झाली, आणि सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंनी जमविलेल्या कलावस्तूंबरोबर चीन-जपानच्या कारागिरांचे कामही तिच्या दालनांत दाखल झाले. टाटांच्या घराण्याचा जपानशी संबंध निव्वळ शौकाचा नव्हता. जमशेटजींनी १८९३ साली निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई आणि जपान यांच्यातील जलमार्ग खुला करविला होता, आणि रुईच्या गाठी ज्या दिशेने गेल्या त्याच दिशेने कलावस्तूंची आवडही इकडे आली असावी, असे मानायला जागा आहे. त्याच इमारतीत जहांगीर निकल्सन यांनी जमविलेल्या आधुनिक भारतीय चित्रांचे दालन आहे, आणि २०१९ साली तेथे गायतोंडे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. मात्र टाटासंग्रहातील जपानी वस्तूंत प्रथम नजरेत भरते ती कुसर. ज्या पात्रांविषयी मला बोलायचे आहे ती या कुसरीच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला उभी आहेत.

चहा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधणाचे पातेले, साखर, दूध आणि आल्याचा तुकडा येतो. जपानी संस्कारातला चहा उकळीत नाहीत. हिरव्या पानांची वस्त्रगाळ पूड पात्रात घालून, तिच्यावर कढत पाणी ओतून, बांबूच्या घुसळणीने ती फेसाळेपर्यंत घोटतात, आणि पात्र पाहुण्यापुढे ठेवतात. एवढ्या साध्या कृतीला पंधराव्या व सोळाव्या शतकांत मुराता जुको, ताकेनो जोओ आणि सेन नो रिक्यू या तीन पुरुषांनी, झेन पंथाच्या सान्निध्यात, एका कलेचे रूप दिले. रिक्यू हे १५२२ साली साकाई बंदरातील व्यापारी कुळात जन्मले, आणि पुढे ओदा नोबुनागा व तोयोतोमी हिदेयोशी या दोन सत्ताधीशांच्या पदरी चहाचे आचार्य म्हणून राहिले. दरबारी वैभवाच्या त्या काळात त्यांनी चहाची खोली लहान करीत करीत अवघ्या दोन चटयांइतकी केली. यामाझाकी येथील म्योकी-आन या मठात त्यांची म्हणून मानली जाणारी तशी एक खोली आजही आहे. तिचे दार इतके ठेंगणे की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, गुडघ्यांवर येऊन, डोके लववूनच आत सरकावे लागे.

त्या खोलीतील सरंजाम मोजका असतो : पाण्याची लोखंडी किटली आणि तिच्याखालची शेगडी, थंड पाण्याचा घडा, बांबूची पळी, बांबूचीच घुसळणी, पूड घेण्याची चमची, पूड ठेवण्याची डबी, रेशमी फडके आणि चहाचे पात्र. घुसळणी बांबूच्या एकाच पेऱ्यातून काढलेली असते. तिचे बारीक दाते सुटे बसविलेले नसतात, कांडाचेच टोक चिरून चिरून ते काढतात. चमची म्हणजे वीतभर लांबीची बांबूची एक चोय, टोकाशी उष्णता देऊन वाकविलेली. आणि पात्र! रिक्यूंनी चोजिरो नावाच्या कारागिराकडून जी पात्रे करवून घेतली, त्यांतून राकू नावाचे घराणे आणि त्याच नावाची मृत्तिकाकला जन्माला आली, आणि क्योतो शहरात ती परंपरा पिढ्यान्‌पिढ्या आजतागायत चालू आहे. राकू पात्र चाकावर फिरवीत नाहीत. मातीची जाड चकती दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत घेऊन तिची कड वर उचलतात, ती सुकत आली की पत्र्याच्या खरवडणीने आतून-बाहेरून तासतात, आणि काळे पात्र असेल तर भट्टीतून ते लालबुंद असतानाच चिमट्याने बाहेर ओढतात. त्या चिमट्याचा वण पात्राच्या अंगावर राहतो. तो कोणी पुसत नाही. जाणकार पाहुणा तर तो शोधतो. घडविणाऱ्याच्या ओंजळीचा आकार पात्रात उतरलेला असल्यामुळे पिणाऱ्याची ओंजळ त्यावर सहज बसते. आतला काळा रंग आणि चहाचा हिरवा रंग हे एकमेकांना केवढे खुलवितात, हे काचेच्या कपाटातल्या रिकाम्या पात्राकडे पाहून कळणे शक्य नाही.

पण मला विशेष आदर वाटतो तो चहा पिऊन झाल्यानंतरच्या विधीविषयी. चहा संपला की मुख्य पाहुणा यजमानाला विनंती करतो की डबी आणि चमची पाहू द्यावी. यजमान त्या दोन्ही रेशमी फडक्याने निपटून पाहुण्यापुढे मांडतो आणि स्वतः काही वेळ आत जातो. मग पाहुणा चटईवर हात टेकून प्रथम त्या वस्तूंना नमस्कार करतो. न उचलता त्यांचा समग्र आकार पाहतो. नंतर कोपरे गुडघ्यांपाशी टेकवून, तान्हे मूल घ्यावे तशी दोन्ही हातांनी डबी चटईपासून जेमतेम वर उचलतो, झाकण काढून आतल्या हिरव्या पुडीला चमचीने पडलेली खाच पाहतो, झाकण लावून पुन्हा एकदा दुरून पाहतो, आणि शेजारच्या पाहुण्याकडे ती सरकवतो. बोटातली अंगठी आणि मनगटावरचे घड्याळ त्याने आधीच काढून ठेवलेले असते, कारण धातूचा ओरखडा लाखेला सोसत नाही. सर्वांचे पाहून झाले की यजमान परत येतो आणि पाहुणा त्याला विचारतो : डबीचा घाट कोणता? लाखकाम कोणाचे? चमची कोणी तासली? तिचे नाव काय? अशा रीतीने पाहण्याला विधीत स्वतःचे स्थान, स्वतःची बैठक, स्वतःचा क्रम आणि स्वतःची प्रश्नोत्तरे देणारी दुसरी कला माझ्या माहितीत नाही. आपल्याकडे गाणे ऐकण्याला बैठकीची शिस्त आहे, श्रोत्याची दाद हा गाण्याचा भाग आहे. वस्तू पाहण्याला मात्र आपण अशी बैठक कधी घालून दिली नाही.

‘तिचे नाव काय?’ हा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटला असेल. या पात्रांना आणि चमच्यांना नावे असतात, आणि ती बहुधा घडविणारा देत नाही. जो वापरतो, ज्याने त्या वस्तूसोबत काही ऋतू घालविले आहेत, तो देतो, आणि ते नाव वस्तूच्या लाकडी पेटीवर शाईने लिहून ठेवतात. पुढच्या मालकाकडे वस्तू जाते तेव्हा पेटीही जाते, आणि पेटीवरची अक्षरे हाच त्या वस्तूचा दस्तऐवज होतो. १५९१ साली हिदेयोशीची रिक्यूंवर खप्पा मर्जी झाली आणि त्यांना आत्महत्येचा हुकूम झाला. त्या अखेरच्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या हाताने बांबूची एक चमची तासली आणि ती फुरुता ओरिबे या शिष्याच्या वाट्याला आली. तिचे नाव ‘अश्रू’. ओरिबेने ती ठेवण्याच्या नळीला एक चौकोनी खिडकी पाडली, म्हणजे ती बंद असतानाही आतली चमची दिसावी, आणि गुरूच्या स्मृतिफलकाच्या जागी तो तिला वंदन करीत असे. १६१५ साली ओरिबेलाही तसाच हुकूम झाला. ती चमची आज नागोया येथील तोकुगावा कलासंग्रहालयात आहे. बांबूच्या एका चोयीला हे महत्त्व तिच्या कलाकुसरीने आलेले नाही, कारण तिच्यात कुसर जवळजवळ नाहीच. ते आले आहे तिच्याकडे कोणी कसे पाहिले यामुळे.

या वस्तूंना सत्तेचा आणि पैशाचा विटाळ कधी झालाच नाही, असे मात्र मी सांगणार नाही. नोबुनागाने प्रसिद्ध चहापात्रे हुकमाने गोळा केली आणि जहागिरीच्या ऐवजी सरदारांना ती बक्षीस म्हणून दिली. १५८२ च्या मोहिमेनंतर ताकिगावा काझुमासु या सरदाराला एक अख्खा प्रांत मिळाला, पण त्याला हवी होती जुकोच्या नावाची एक डबी, आणि ती न मिळाल्याबद्दल त्याने खेद केला, असे सांगतात. दुसऱ्या एका डबीची, ‘त्सुकुमो नासु’ची, हकीकत याहून बोधक आहे. जेमतेम दोन-अडीच इंच उंचीची, वांग्याच्या घाटाची ही मातीची डबी मात्सुनागा हिसाहिदे या सरदाराने १५६८ साली नोबुनागाला नजर करून आपला जीव आणि मुलूख वाचविला. पुढे ती हिदेयोशीच्या घराण्याकडे आली, आणि १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा त्याच्या राखेत तिचे तुकडे झाले. किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासूच्या आज्ञेने लाखकाम करणाऱ्या फुजिशिगे पितापुत्रांनी त्या राखेतून तुकडे वेचून ती पुन्हा उभी केली. आज ती तोक्योच्या सेइकादो संग्रहात आहे. तिची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा दिसून आले की डोळ्यांना जी झिलई वाटते ती पुष्कळशी लाखच आहे, आणि तिच्याखाली फुटक्या तुकड्यांचा सांधा आहे. तरीही जपानी जाणकारांनी तिला नकली ठरविले नाही. मूळ माती, आग, लाख लावणारे हात आणि चारशे वर्षे तिच्याकडे पाहणारे डोळे, हे सारे मिळून ती डबी झाली आहे, असाच त्यांचा न्याय आहे आणि तो मला मान्य आहे.

यानागी सोएत्सु हे तोक्योतील लोककला-संग्रहालयाचे संस्थापक. ते संग्रहालय १९३६ साली उघडले. त्याच्या पाच वर्षे आधी, जपानमधील सर्वांत नामांकित चहापात्र म्हणून गणलेले ‘किझाएमोन’ पाहण्याचा योग त्यांना आला. पेटीतून पेटी निघाली, वेष्टनातून वेष्टन निघाले, आणि शेवटी हाती आले ते कोरियातील अनाम कुंभाराने गरिबाच्या रोजच्या जेवणासाठी केलेले साधे भांडे. यानागींना त्यात निराशा वाटली नाही; उलट, सौंदर्य रोजच्या वापरातल्या, निगर्वी वस्तूत असते या आपल्या मताची तसदीक त्यांना तेथे मिळाली. मी त्यांच्याशी अर्धा सहमत आहे. कोरियातील त्या झोपडीत अशी शेकडो भांडी असतील, आणि ती सारी फुटून गेली. हे एक राहिले ते कोण्या चहाच्या आचार्याने त्याला उचलून त्याच्याकडे पाहिले म्हणून. निर्मितीचे श्रेय कुंभाराला देताना पाहणाऱ्याचे श्रेय यानागींनी थोडे कमी केले.

रोजच्या वापरातल्या वस्तू उचलून त्यांच्याकडे पाहण्याचे हेच काम आपल्या पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी केले आहे, आणि मराठी माणसाने त्यांचे ऋण पुरेसे ओळखलेले नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने खेडोपाडी, जुन्या वाड्यांत आणि मोडीत निघालेल्या सामानात हिंडून अडकित्ते, समया, पानाचे डबे, दौती, कुलपे आणि स्वयंपाकघरातली भांडी जमविली, अकाली गेलेल्या मुलाचे ‘राजा’ हे नाव संग्रहाला दिले आणि वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा तो ठेवा पुढे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यातील पितळी अडकित्त्यांपुढे मी नेहमी रेंगाळतो. एकाची मूठ पोपट आहे, एकाची घोडा, एकात स्त्री-पुरुष समोरासमोर उभे आहेत आणि पाते मिटले की ते जवळ येतात. ज्या हाताने ही मूठ धरली त्याला तिचा थंड स्पर्श, सुपारी तुटतानाचा धक्का आणि पोपटाच्या पाठीची झिजलेली गोलाई ठाऊक होती. आपल्याला ठाऊक आहे ती काच. अडकित्त्याचे नाव, त्याने कोणाच्या ओसरीवर किती पाहुण्यांसाठी सुपारी कातरली याची कथा, आपल्याकडे पेटीवर कोणी लिहून ठेवली नाही. केळकरांनी वस्तू वाचविल्या; वस्तूंसोबतचा संवाद वाचविणे एका माणसाच्या हातचे नव्हते.

आता गायतोंडे यांच्याकडे वळतो. मूळचे गोव्याचे हे कुटुंब. वासुदेव यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरचा, बालपण गिरगावातल्या चाळीत गेलेले, आणि १९४८ साली जे. जे. कलाशाळेची पदविका. भारतीय लघुचित्रांचा अभ्यास, मग पॉल क्ले यांच्या चित्रांचा सहवास, वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई संस्थेत समुद्रासमोरची कामाची जागा, आणि १९५७ साली तोक्योतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात मिळालेला पहिला पुरस्कार, असा हा क्रम आहे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतून आकृती नाहीशा झाल्या, आणि त्याच सुमारास झेन विचाराने त्यांच्या मनात घर केले. रमण महर्षी आणि खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज यांच्या उपदेशाकडेही त्यांचा ओढा होता, हे विसरून चालणार नाही, कारण गायतोंडे यांचे मौन केवळ जपानहून आयात केलेले आहे असे म्हणणे म्हणजे गिरगावच्या शेजारी काय चालले होते याकडे पाठ फिरविणे होय. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री. १९७२ साली दिल्लीस मुक्काम. १९८४ च्या अपघातानंतर काम मंदावले. आणि २००१ साली, फार थोड्या माणसांच्या संगतीत, ते गेले.

त्यांची चित्रे वर्षाकाठी मोजकीच होत. बराच काळ ते कॅनव्हाससमोर नुसते बसत. कुंचल्याऐवजी रोलर आणि रंगसुरी यांनी ते पातळ रंगाचे थर एकावर एक देत, थोडे खरवडीत, थोडे पुसून काढीत. आणि कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगासह कॅनव्हासवर दाबून उचलून घेत, म्हणजे रंगाचा ठसा राही पण हाताची खूण राहत नसे. त्यांच्या प्रौढ काळातील एक उभे चित्र घ्या, साधारण सत्तर इंच उंच आणि चाळीस इंच रुंद, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाएवढे. पहिल्या नजरेत तो एकच गेरूसारखा रंग आहे. थोडे थांबले की कळते, वरच्या भागात तो तापलेला आहे आणि खाली निवत गेला आहे. आणखी थांबले की त्या थरांतून काही खुणा वर येऊ लागतात : लिपीसारख्या, पण कोणत्याच लिपीतल्या नव्हेत, काही पृष्ठभागावर, काही थरांखाली बुडालेल्या. बाजूला सरकून तिरके पाहिले तर रंगाच्या कडांवर उजेड अडतो आणि सपाट वाटलेल्या जागेला खोली येते. हे सारे घडायला वेळ लागतो, आणि तो वेळ चित्रकाराने चित्रात हिशेबात धरलेला आहे. चित्राचे शीर्षक मागाल तर ते नाही; पाटीवर ‘शीर्षकरहित’ एवढेच लिहिलेले असते.

येथे मला या दोन वस्तूंमधील सर्वांत गाढ नाते दिसते. चहाच्या पात्राचा कुंभार पुष्कळदा अनाम असतो आणि पात्राला नाव असते. गायतोंडे यांच्या चित्राचा कर्ता जगद्विख्यात आहे आणि चित्राला नाव नाही. वरवर पाहता या उलटसुलट गोष्टी आहेत. पण दोन्हीकडे घडविणाऱ्याने एक अधिकार आपणहून सोडला आहे : आपल्या कृतीत काय पाहावे हे सांगण्याचा अधिकार. जपानी पाहुणा त्या सोडलेल्या अधिकारातून पात्राला नाव देतो. गायतोंडे यांच्या पाहुण्याने नाव देण्याची गरज नाही, पण आपला वेळ देण्याची गरज आहे, आणि त्या वेळात जे दिसेल त्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. मराठी वाचकाला हा विचार अपरिचित वाटू नये. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात, जो १९५५ साली, म्हणजे गायतोंडे तोक्योत गौरविले गेले त्याच्या दोनच वर्षे आधी, प्रसिद्ध झाला, संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची मांडणी आहे, आणि ती चित्रातील रंग-आकारांना विषयाच्या आधाराशिवाय लागू पडते. प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ने तोच संवाद चित्रकाराच्या बाजूने पुढे नेला. अमूर्त चित्र मराठी मनाला समजत नाही ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही. विचार आपल्या भाषेत होऊन गेला आहे, फक्त तो चित्रांच्या दालनापर्यंत आपण नेला नाही.

चित्रांच्या अशा एका दालनाचीही कहाणी आहे, आणि तिचा एक धागा हिंदुस्थानातून गेला आहे. ओकाकुरा काकुझो नावाचे जपानी पंडित १९०२ साली कलकत्त्यास ठाकूर कुटुंबाच्या संगतीत होते आणि स्वामी विवेकानंदांबरोबर बोधगयेस गेले होते. पुढे ते बॉस्टनच्या ललितकला-संग्रहालयात रुजू झाले, आणि १९०६ साली न्यूयॉर्कहून त्यांनी चहासंस्कारावरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लाओत्सेच्या आधारे त्यांनी असे मांडले आहे की खोलीचे खरेपण तिच्या भिंतींत नसून त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत असते, आणि भांड्याचा उपयोग त्याच्या पोकळीत असतो. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांच्या हाती तो ग्रंथ पडला, तेव्हा आपण ज्याला स्वतःचा शोध समजत होतो तो फार पूर्वी कोणी सांगून ठेवला आहे हे पाहून ते प्रथम खिन्न झाले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. याच राइट यांना १९४३ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या संचालिका हिला रिबे यांनी त्याच्या इमारतीचे काम सांगितले. त्या संग्रहालयाचे मूळचे, १९३९ चे, नाव ‘वस्तुनिरपेक्ष चित्रकलेचे संग्रहालय’ असे होते, आणि त्या पहिल्या जागेत रिबे बाईंनी भिंतींना करड्या कापडाच्या चुण्या लावल्या, खाली जाड गालिचा अंथरला, चित्रे पुष्कळ खाली, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर लावली आणि बाखचे संगीत चालू ठेवले. लोकांनी त्यांची थट्टा केली. मला त्यांच्यात एक यजमानीण दिसते : चित्र आणि पाहुणा यांची गाठ कशी घालावी याचा तिने विचार केला होता. राइट यांची ती शंखाकृती इमारत १९५९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी उघडली. आणि २४ ऑक्टोबर २०१४ ते ११ फेब्रुवारी २०१५ या काळात, संधिनी पोद्दार यांच्या योजनेने, तेथे गायतोंडे यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. आपल्या चित्रांना अमूर्त न म्हणता वस्तुनिरपेक्ष म्हणावे असा आग्रह धरणारा चित्रकार, त्याच संकल्पनेवर स्थापन झालेल्या संग्रहालयात, चहाच्या ग्रंथातल्या विचाराशी नाते सांगणाऱ्या वास्तूत पोहोचला होता.

त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईच्या एका लिलावात गायतोंडे यांच्या चित्राला २३ कोटी ७० लक्ष रुपये आले, आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर ते झळकले. त्यानंतर त्यांच्या चित्रांपुढे गर्दी वाढली हे खरे, पण त्या गर्दीच्या डोळ्यांत आकडा असतो, आणि आकडा आणि डोळा एका वेळी काम करीत नाहीत. काझुमासूला हवी असलेली ती डबी त्याने कधी शांतपणे पाहिली असती की नाही, याची मला शंका आहे.

तेव्हा संग्रहालयाने करावे काय? आपल्याच शेजारचे उदाहरण घेऊ. मारतहळ्ळीच्या रहिवाशांना एच. ए. एल.चे विमानविषयक संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे. २००१ साली ते सुरू झाले. विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली रचलेले आणि १७ जून १९६१ रोजी याच शहराच्या आकाशात प्रथम झेपावलेले मारुत विमान तेथे जमिनीवर उभे आहे. ते पुन्हा उडवून दाखवा असे कोणी म्हणणार नाही. पण चहाचे पात्र विमानाहून भाग्यवान आहे : त्याचे उड्डाण एका खोलीत, एका किटलीभर पाण्यात होऊ शकते. क्योतोतील राकू संग्रहालय १९७८ साली स्थापन झाले. तेथे ठरावीक दिवशी प्रेक्षकांना जुनी पात्रे प्रत्यक्ष हाती घेऊन पाहता येतात. अंगठ्या काढा, गुडघे टेकून बसा, पात्र चटईपासून फार वर उचलू नका, दोन्ही हात वापरा, एवढेच नियम. शतकानुशतके जपलेली वस्तू परक्या माणसाच्या हाती देण्याचे धैर्य त्यांच्यात आहे, कारण ती हाती न देणे हाही तिचा नाश आहे हे त्यांना कळते. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाने तर ओगि रोदो यांनी रचलेले आख्खे चहाघर १९२८ साली विकत घेऊन, १९५७ साली आपल्या दालनात उभे केले.

आपल्या संस्थांकडून मी याहून फार माफक गोष्टी मागतो. पॅलेस रोडवरील माणिक्यवेलू वाड्यात २००९ पासून राष्ट्रीय आधुनिक कलादालनाची बंगळूर शाखा आहे. कस्तुरबा रस्त्यावर २०२३ साली कला व छायाचित्र यांचे नवे संग्रहालय उघडले आहे. अशा प्रत्येक संस्थेने एक खोली अशी ठेवावी की जिच्यात एका वेळी एकच चित्र असेल, चित्रासमोर पाठ टेकण्याजोगे बाक असेल, वरचा दिवा डोळ्यांवर न येता चित्राच्या अंगावर तिरका पडेल आणि पाटी दाराबाहेर असेल, म्हणजे वाचणे आधी किंवा नंतर होईल, पाहताना होणार नाही. केळकर संग्रहालयाच्या चालकांना माझी विनंती आहे की तीनशे अडकित्ते असतील तर त्यांतले एक-दोन, जे दुहेरी आहेत आणि ज्यांची झीज परवडेल, ते वर्षातून काही दिवस शाळकरी मुलांच्या मुठीत द्यावे आणि सोबत सुपारी द्यावी. शिक्षकांना विनंती आहे की सहलीत मुलांना सात दालनांतून पळविण्यापेक्षा एका चित्रापुढे अर्धा तास बसवावे, आणि काय दिसले ते लिहून न घेता एकमेकांना सांगायला लावावे, कारण चहाच्या खोलीतही प्रश्नोत्तरे तोंडीच होतात.

आणि व्याख्यानमालेच्या चालकांना एक सूचना. पुढच्या वर्षी हे सत्र सभागृहात न भरविता, संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी काढून, एका रविवारी सकाळी तेथील एखाद्या अमूर्त चित्रासमोर भरवावे. वक्ता नसला तरी चालेल. असलाच, तर पहिली तीस मिनिटे त्याने बोलू नये. श्रोत्यांची संख्या वीसच्या आत ठेवावी, कारण त्याहून अधिक माणसांना एका चित्राभोवती बसता येत नाही. चहाची व्यवस्था नंतर बाहेरच्या अंगणात करावी, आणि तो आपला आल्याचाच असावा.